आत्याच्या गोठ्यातली ‘मरी’

"शेळ्या व्यायला झाल्यात. आता आलीस तर बघायला मिळेल, नाहीतर मग फोटोच बघत बस," असा आत्याचा फोन आला आणि मी पिशवी भरली.

माझी आत्या हुक्केरी तालुक्यातली. घरात कन्नड, गल्लीत मराठी, शाळेत दोन्ही, असे आपल्यापैकी पुष्कळांचे असते तसेच तिचे बालपण. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती थेट माळव्यात, देवासजवळच्या एका खेड्यात गेली. आतोबांचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर तिकडे गेलेले. तिकडची मराठी माणसे घरात मराठी आणि दाराबाहेर माळवी बोलतात. त्यात आत्याने आपली कन्नड नेऊन सोडली. त्यामुळे त्या घरात आज तीन भाषा नांदतात, आणि शेळ्यांना तिन्ही कळतात.

देवास हे नाव आपल्या भागाला परके नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच पंडित कुमार गंधर्व, क्षयाच्या आजारपणात १९४८ साली कोरड्या हवेसाठी देवासला आले आणि शेवटपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, तिथलेच झाले. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली आणि पुढे ती साऱ्या देशाला ऐकवली. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे ‘भानुकुल’ हे घर आहे. वर टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देव्या. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंमुळे एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने होती, हेही देवासचे वैशिष्ट्य. १९४८ साली दोन्ही मध्य भारतात विलीन झाली.

पुण्याहून रेल्वेने इंदूर आणि तिथून तासाभराच्या बसने देवास. आत्याचे गाव त्याच्याही पुढे दहा-बारा किलोमीटरवर. जमीन पाच बिघे, म्हणजे आपल्या हिशेबाने तीन एकराच्या आसपास. काळी कसदार माती. खरिपात सोयाबीन, रब्बीला गहू, हरभरा आणि थोडा लसूण. पावलापावलावर पाणी आणि भाकरी असलेला मुलूख अशी माळव्याची जुनी ख्याती. पण कूपनलिकांनी जमिनीच्या पोटातले पाणी उपसले आणि १९९० साली देवासला रेल्वेने पाणी आणायची वेळ आली. मिरजेहून लातूरला २०१६ साली पाण्याची गाडी गेली, ती आपल्याला आठवतेच. पुढे २००६ पासून देवास जिल्ह्यात शेततळ्यांची मोठी मोहीम झाली आणि अनेक गावांचे रूप पालटले. पण तळ्यासाठी जमीन सोडायला आधी जमीन असावी लागते. पाच बिघेवाल्याचे घर शेळीवरच तरते.

"देवासला नोटा छापायचा सरकारी कारखाना आहे," आत्या हसत म्हणाली, "पण आमची बँक ही इथं, खुंटाला बांधलेली."

तिच्या या बँकेत सात शेळ्या. त्यांतल्या चार गाभण. जात कुठली म्हणून विचारले तर आत्या म्हणते, "आपलीच." आपल्याकडे उस्मानाबादी शेळी म्हटले की एक रूप डोळ्यासमोर येते, तसे इथे नाही, कोणी काळी, कोणी तांबूस, कोणी ठिपक्यांची. २०१९ च्या पशुगणनेत मध्य प्रदेशात सुमारे १ कोटी १० लाख शेळ्या मोजल्या गेल्या, महाराष्ट्रात १ कोटी ६ लाख आणि कर्नाटकात ६२ लाखांच्या आसपास. यांतल्या बहुतेक अशाच कोणा आत्याच्या दारातल्या.

आषाढात पाऊस पडून हिरवा पाला झाला की शेळ्या माजावर येतात. तिथून पाच महिने, म्हणजे दीडशे दिवसांच्या मागेपुढे. म्हणून मार्गशीर्षात, ऐन थंडीत, गोठ्यात पाळणे हलतात. माळव्याची थंडी आपल्या थंडीसारखी नाही. पहाटे गव्हाच्या शेतावर धुके बसलेले असते आणि हौदाच्या पाण्यात हात घालवत नाही. दोन-सव्वादोन किलोचे ओले करडू त्या थंडीत जमिनीवर पडते, तेव्हा ते जगणार की नाही, हे पहिल्या तासात ठरते.

दिवस पाचला सुरू होतो. सूनबाई शेण-लेंड्या झाडून खड्ड्यात टाकते. हे लेंडीखत लसणाच्या वाफ्याला जाते. मग आत्या बोर, बाभूळ, पिंपळ यांचे डहाळे गोठ्यातल्या दोरीला उलटे टांगते. शेळी मान वर करून खाते. जमिनीवर पडलेला पाला ती तुडवते आणि मग तोंड लावत नाही. आपल्या आईनेही हेच सांगितले असते. दहाच्या सुमारास उन्हे तापली की नातू बिनगाभण शेळ्या बांधावर चारायला नेतो. गाभण शेळ्या घराजवळच. त्यांना हरभऱ्याचा भुसा, थोडा भरडा, आणि प्यायला कोमट पाणी. धान्य जास्त झाले तर पोट फुगते, म्हणून भरड्याचे माप ठरलेले, एक वाटी. दुपारी उन्हात बसून शेळ्यांच्या कासेला हात लावून बघायचा. कास भरून घट्ट झाली, शेपटीच्या दोन्ही बाजूंचे खड्डे सैल पडले, शेळी पायाने जमीन उकरू लागली आणि कळपातून बाजूला जाऊन उभी राहिली, की त्या रात्री कोणी झोपत नाही.

आता ‘मरी’ची गोष्ट सांगते, कारण ती आपल्याच वाचकांना खरी कळेल. कन्नडमध्ये मरी म्हणजे जनावराचे पिल्लू. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात पहाटे आत्याने गोठ्यात पाहिले, तर शेळी व्यालेली. आनंदाच्या भरात माहेरची भाषा तोंडात आली. ती अंगणात येऊन ओरडली, "मरी बंतु! मरी बंतु!" करडू आले, करडू आले! घरात सासू-सासरे, दीर सगळे दचकून उठले. हिंदीत मरी म्हणजे मेली. मराठीत मरी म्हणजे साथ, मरीआई. सासूबाई कपाळाला हात लावत धावल्या, "कोण मेली गं?" गोठ्यात पाहतात तर दोन गुबगुबीत करडे आईला लुचताहेत. तेव्हापासून त्या घरात करडाला मरीच म्हणतात. आत्या करडाला ‘कूसु’ही म्हणते, कन्नडमध्ये कूसु म्हणजे बाळ. मराठीत कूस म्हणजे आईचे पोट. एका शब्दाने आई दाखवायची, दुसऱ्याने लेकरू. असे शब्द असले की वाटते, भाषाही एकमेकींच्या सोयऱ्याच.

मी पोचल्यावर तिसऱ्या रात्री चांदीचे दिवस भरले. चांदी म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेली काळी शेळी, दुसऱ्या वेताची. घरात त्या दिवशी जरा ताण होता. तो थंडीमुळे नव्हता. मागच्या वर्षी याच गोठ्यात पाच दिवसांत तीन करडे गेली होती. आत्या म्हणाली, थंडी. शेजारीण म्हणाली, दृष्ट. सूनबाई काही बोलली नाही. उन्हाळ्यात ती गावातल्या बचत गटातून पशुसखीच्या प्रशिक्षणाला गेली. तिथून एक वही, एक थर्मामीटर आणि आयोडिनची बाटली घेऊन आली. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा क्रमांक तिने गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने मोठा लिहिला. हा क्रमांक आपल्याकडे महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही चालतो, तो लक्षात ठेवावा.

सूनबाई धार जिल्ह्यातली, माळवी बोलणाऱ्या शेतकरी घरातली. मराठी ती आत्याकडून शिकली. म्हणून तिच्या मराठीत हुक्केरीचे हेल आहेत. सासू-सुनेचे चांगले जमते. पण गोठा आत्याचा. चाळीस वर्षे त्या गोठ्यात तिचा शब्द चालला.

रात्री अकराला पाणमोट फुटली. मी बॅटरी धरून उभी. पहिले करडू व्यवस्थित आले, पुढचे दोन पाय आणि त्यावर ठेवलेले नाक. सूनबाईने नाकातोंडातला चिकटा पुसला, करडू चांदीसमोर ठेवले. ती चाटायला लागली. नाळेला उकळलेला दोरा बांधून, दोन बोटांवर कापून, आयोडिन लावले. बोकड होता.

दुसऱ्याला वेळ लागला. आणि दिसले ते मागचे पाय. आत्याच्या हातांना आता संधिवात. बोटे मिटत नाहीत. ती म्हणाली, "माझ्याच्यानं नाही व्हायचं. तू घे." सूनबाईने हात धुतले. चांदीने कळ दिली की ती ओढायची, खालच्या दिशेने, सावकाश; कळ थांबली की थांबायची. कंबर बाहेर आल्यावर मात्र तिने वेळ घालवला नाही. करडू बाहेर आले ते लोंबते, निळसर जिभेचे. श्वास नाही. तिने त्याचे मागचे पाय धरून डोके खाली केले, नाकातले पाणी गळू दिले, गवताची काडी नाकात फिरवली, गोणपाटाने बरगड्या खसाखसा चोळल्या. मी मनात आकडे मोजत होते. वीसच्या पुढे मोजायचे धाडस झाले नाही. मग एक शिंक आली. एवढीशी.

पाट होती. जिवंत, पण थंड. उभी राहत नव्हती. माझ्या हाताशी चांदीचा थोडा चीक पिळून ठेवलेला होता, मी घाईने चमचा तिच्या तोंडाशी नेला. सूनबाईने माझा हात धरला. "ताई, तोंडात बोट घालून बघा." मी घातले. बर्फ. "अशा गार तोंडात दूध घातलं तर ते फुप्फुसात जातं. आधी ऊब, मग दूध." तिने पाटीला कोरडे केले, आपल्या शालीत पोटाशी धरले, वरून गरम पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून ठेवली. अर्धा तास ती तशीच बसून होती. हळूहळू पाट मान उचलू लागली. बोट चोखू लागली.

आणि खरी वेळ आली ती तेव्हा. सूनबाई चीक पाजायला उठली तशी आत्या म्हणाली, "थांब. अजून वार पडली नाही. वार पडल्याशिवाय पाजत नाहीत."

हा समज आपल्याकडेही आहे. माझ्या आजीचाही होता. वार पडेपर्यंत करडाला लुचू द्यायचे नाही, चीक बाधतो, असे म्हणायचे. गोठ्यात कोणी बोलेना. चांदी रवंथ करत होती, पहिले करडू धडपडत कासेकडे जात होते आणि आत्याने पायाने त्याला हळूच बाजूला सारले.

सूनबाईचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "आई, मागच्या वर्षी आपण वारेसाठी पहाटेपर्यंत थांबलो होतो. तिन्ही वेळेला." मग जरा थांबून म्हणाली, "करडाला रोगाशी लढायची ताकद आईच्या पोटात मिळत नाही. ती चिकातूनच येते. आणि ती घ्यायचं दार करडाच्या पोटात पहिले काही तासच नीट उघडं असतं. दिवस गेला की बंद."

आत्या काही बोलली नाही. तिने चांदीकडे पाहिले, मग शालीतल्या पाटीकडे. मला वाटले, आता भांडण होणार. चाळीस वर्षांत तिने किती करडे जगवली आणि किती घालवली, हा हिशेब तिने कधी केला नसेल. त्या रात्री तो तिच्या तोंडावर दिसत होता. मग ती भिंतीला धरून उठली, चांदीच्या मानेला मिठी घालून तिला घट्ट धरले आणि म्हणाली, "पाज."

बोकड आपण होऊन लुचला. पाटीला सूनबाईने थान तोंडात दिले. चांदी आधी तिला हुंगून दूर ढकलत होती, कारण शालीत राहून तिच्या अंगाचा वास गेला होता. तेव्हा आत्याला आपली जुनी विद्या आठवली. गोणपाटावरचा ओला चिकटा घेऊन तिने पाटीच्या पाठीला फासला, वरून गुळाचे बोट लावले. चांदीने चाटून पाहिले, पुन्हा चाटले आणि घशातल्या घशात तो बारीक आवाज काढला, जो फक्त व्यालेली शेळीच काढते. पाट शेपूट हलवत पिऊ लागली. करडाची शेपूट हलली की दूध पोटात जाते आहे असे समजावे.

आत्या हळूच म्हणाली, "मरी बंतु." आणि पदराने डोळे पुसले.

वार तासाभरातच पडली. करडे लुचली की पिशवी आकसते आणि वार सुटायला मदतच होते, हे सूनबाईने मला नंतर सांगितले. तिने ओढायचे नाही, मात्र बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवायचे, हेही तिच्या वहीत होते. वार दूर खड्ड्यात पुरली, कुत्र्यांच्या तोंडी लागू नये म्हणून. चांदीला गूळ घातलेले कोमट पाणी दिले. ते ती बादलीभर प्यायली.

सकाळी उठले तर दोन्ही करडे डालग्याखाली एकमेकांच्या अंगावर झोपलेली, आणि आत्या शेळीच्या दुधाचा चहा घेऊन सुनेच्या खोलीकडे निघालेली. "रात्रभर बसली होती पोरगी," मला एवढेच म्हणाली. त्यानंतरच्या चार दिवसांत आणखी दोन शेळ्या व्याल्या. वारेचा विषय पुन्हा निघाला नाही. सूनबाई वहीत तारीख लिहायची आणि पुढच्या रकान्यात तीन महिन्यांनंतरची तारीख, लसीसाठी.

बोकड वर्षाचा झाला की सात-आठ हजार देऊन जातो, असे आत्याचे गणित. नात नर्सिंगला आहे, तिची फी त्यातून निघते. पाट मात्र विकायची नाही. "पाट विकली म्हणजे मुद्दल मोडलं," आत्या म्हणते. मागच्या वर्षी गेलेल्या तिघांत दोन पाटी होत्या. घराला तो घाव कुठे लागला होता, ते मला त्या एका वाक्यात कळले.

निघायच्या आदल्या दिवशी सूनबाईबरोबर धारला गेले. तिच्या आईला एक आठ महिन्यांची पाट अर्धलीने द्यायची होती. अर्धल आपल्याकडेही चालते, जनावर एकाचे, सांभाळ दुसऱ्याचा, करडे निम्मी-निम्मी. पैसा न घालता गरिबाच्या दारात शेळी यायचा हा जुना मार्ग. शेजाऱ्यांचा छोटा टेम्पो तिकडे जाणार होता. देवासहून इंदूर, आणि इंदूरहून धार साठेक किलोमीटर.

धार म्हणजे भोजराजाची नगरी, आणि पुढे आनंदराव पवारांच्या घराण्याची राजधानी. तिथल्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. आनंदीबाई तेव्हा तिथे मुक्कामाला होत्या. लाट मशिदीपाशी जुन्या लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे पडलेले आहेत, ते टेम्पो थांबवून पाहिले. पाट मात्र ओरडू लागली, म्हणून किल्ला लांबूनच पाहून पुढे निघालो.

सूनबाईचे माहेर गावाबाहेर, कौलारू घर, दारात पळसाचे झाड. तिची आई अंगणातच उभी होती. हात ओले, लुगडे खोचलेले. आम्हाला पाहताच तिने हाक मारली, "मरी बंतू! दो!"

मी थबकले. या बाईने हुक्केरी पाहिलेली नाही. कन्नड ही भाषा तिने ऐकलेली नाही. लेकीच्या तोंडून उचललेला शब्द, आणि लेकीने तो सासूकडून घेतलेला. चिक्कोडी-हुक्केरीच्या मातीतला शब्द देवासवरून धारला पोचला होता आणि कोणालाच तो परका वाटत नव्हता. आत गेलो तर तिची शेळी पहाटेच व्यालेली, दोन करडे.

मी लगेच आत्याला फोन लावला. म्हटले, "आत्या, तुझी मरी धारला पोचली." ती खूप हसली. मग एकदम आवाज बदलून म्हणाली, "ते राहू दे. आधी तिला विचार, चीक लगेच पाजला ना? वारेसाठी थांबली नाही ना?"